दोन तृतीयांश

पाण्याने भरलेला काचेचा जग कृषिमंत्र्यांच्या जबड्यावर फुटला, तेव्हा कायदामंत्री त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होता. आधी ओली फांदी मोडावी तसा आवाज आला आणि मग टेबलाच्या हिरव्या कापडावर पाणी, काचा, रक्त आणि एक अख्खा दात पडला. म्हातारे कृषिमंत्री ओरडलेसुद्धा नाहीत. त्यांनी नुसती ओंजळ तोंडाखाली धरली.

"बंदराचा विषय अजून संपलेला नाही," हातात उरलेला जगाचा कान टेबलावर ठेवत राष्ट्राध्यक्ष म्हणाले. "आणखी कुणाला काही सुचवायचंय?"

कुणालाच काही सुचवायचं नव्हतं. संपावर बसलेल्या गोदी कामगारांशी आणखी एकदा बोलून बघावं, त्यांची बायकापोरंही तिथेच आहेत, एवढंच कृषिमंत्री म्हणाले होते. राष्ट्राध्यक्षांनी टेबलाच्या टोकाला बसलेल्या सेनापतींकडे पाहिलं. "उद्या दुपारी बाराला टेकडीवरच्या तोफा सुरू करा. बंदर मोकळं करा. माणसांसकट."

सेनापतींनी हुकूम लिहून घेतला. लिहिताना त्यांची कानशिलं लाल झाली होती.

दोन वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्ष असे नव्हते. मिरवणुकीत त्यांच्या गाडीखाली बॉम्ब फुटला, पुढे बसलेले दोघे जागीच गेले. हे मात्र रक्तबंबाळ अवस्थेत गाडीच्या टपावर चढले आणि लोकांना म्हणाले, घाबरू नका, मी उभा आहे. त्या दिवसापासून देशाने त्यांना डोक्यावर घेतलं. पण डाव्या भुवईच्या वर, कवटीच्या आत, लोखंडाचा एक तुकडा राहून गेला. काढायला जावं तर माणूस हाती लागणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग हळूहळू सुरू झालं. ड्रायव्हरची बोटं गाडीच्या दारात चेचली गेली. खाजगी सचिव जिन्यावरून गडगडत खाली आला. बाहेर सांगायला कारणं तयार असायची. ड्रायव्हर बेसावध होता, सचिवाला चक्कर आली. सगळे जाणून होते आणि सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं.

कायदामंत्र्याचं कुलूप सगळ्यांत जड होतं. राष्ट्राध्यक्ष त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तो शाळेत असताना त्याचे वडील मारले गेले. ते त्या वेळच्या सरकारात मंत्री होते. लष्करी अधिकाऱ्यांनी एका पहाटे तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांना 'वेडा' ठरवलं आणि त्यांच्यासकट पाच जणांना भिंतीपाशी उभं केलं. तो राष्ट्राध्यक्ष वेडाबिडा काही नव्हता. त्यानंतर या भाऊजींनीच त्याला घरी आणलं, पोहायला शिकवलं, कायद्याच्या परीक्षेच्या दिवशी स्वतः बूट पॉलिश करून दिले. उंची बेताची म्हणून ते त्याला लाडाने 'ठेंगण्या' म्हणत.

बैठक उठल्यावर तो बाथरूममध्ये मनगटावरचं रक्त धूत होता. मागोमाग कामगारमंत्री आला. हा त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त. दारातून आडवा जावा असा देह, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याने दाराला आतून कडी घातली.

"बस झालं," पैलवान म्हणाला. "घटनेत सोय आहे ना? सोप्या भाषेत सांग. वकिली नको."

"निम्म्याहून जास्त मंत्र्यांनी लिहून द्यायचं की राष्ट्राध्यक्ष काम करायला असमर्थ आहेत. दिलं, की सूत्रं उपाध्यक्षांकडे."

"मग झालं की!"

"नाही झालं. त्यांनी उलट लिहून दिलं की मी ठीक आहे, तर सूत्रं परत त्यांच्याकडे. मग एका दिवसाच्या आत सभागृहाने निकाल द्यायचा. दोन तृतीयांश मतं लागतात."

"हजर असलेल्यांच्या?"

"एकूण सदस्यांच्या. एकशे वीसपैकी ऐंशी. गैरहजर, आजारी, मेलेला, सगळे त्यांच्या बाजूचे धरायचे."

पैलवानाने बेसिनच्या कडेवर बूड टेकवलं. बेसिन कुरकुरलं. "हे कुठल्या गाढवाने लिहिलं?"

"माझ्या वडलांना पुरून आलेल्या माणसांनी. पुन्हा कुणी उठून राष्ट्राध्यक्षाला वेडा ठरवू नये म्हणून अवघड केलंय."

"आणि खराच निघाला तर?"

कायदामंत्र्याने नळ बंद केला.

सही करण्याआधी तो ताईकडे गेला. राष्ट्राध्यक्षांचं घर कचेरीच्या मागेच होतं. ताई स्वयंपाकघरात होती, गळ्याभोवती जाड रुमाल गुंडाळून. उकाड्याचे दिवस होते.

"ताई, रुमाल काढ."

"कामाचं बोल."

त्याने स्वतःच गाठ सोडली. गळ्यावर दोन्ही बाजूंनी बोटांचे जांभळे वळ उठले होते. आवाज घोगरा का येतोय ते त्याला तेव्हा कळलं.

"कधीपासून?"

"गळ्यावर पहिल्यांदाच," ताई म्हणाली, जणू त्यातल्या त्यात बरं सांगत होती. "नंतर तासभर माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मी काय केलं, मी काय केलं, एवढंच. आणि मग विचारलं, जेवायला काय आहे." तिने रुमाल परत बांधला. "तू सही करायला निघालायस ना? तोंडावर लिहिलंय तुझ्या."

"तू नको म्हणालीस तर..."

"मी कशाला नको म्हणू? पण माझी परवानगी घेऊन पुण्य कमवायला बघू नकोस. तुझं काम तू कर. मी त्यांना सोडून जाणार नाही, तेही तुझ्या कायद्यात बसव."

दुपारपर्यंत सह्या झाल्या. शेवटची कृषिमंत्र्यांची, हॉस्पिटलच्या खाटेवर. त्यांचा जबडा तारांनी बांधला होता. त्यांनी सही केली आणि पेन कायदामंत्र्याच्या छातीवर दोनदा टोचलं. आता हे तूच नेऊन दे, असं सांगायचं होतं.

कायद्याप्रमाणे कागद राष्ट्राध्यक्षांच्या हातातच द्यावा लागे. त्याने दिला. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुनं, ओळखीचं हसू आलं.

"छान लिहिलंयस, ठेंगण्या. एक काना चुकलाय." त्यांनी कागद उलटा केला, मागे लिहिलं, 'मी ठणठणीत आहे,' आणि खाली सही ठोकली. "आता निकाल लागेपर्यंत मीच ना राष्ट्राध्यक्ष?"

"हो."

"या मधल्या वेळात तुम्हाला बडतर्फ करता येत नाही."

"नाही. तसं स्पष्ट लिहिलंय."

"आणि मारता येत नाही, असं कुठे लिहिलंय?"

असं लिहून ठेवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. कायदामंत्री कागद उचलायला वाकला. त्याचा डावा हात उघड्या ड्रॉवरच्या कडेवर टेकला होता. राष्ट्राध्यक्षांनी गुडघ्याने ड्रॉवर धाडकन लोटला. वेदना खांद्यापर्यंत चढली. त्यांनी ड्रॉवर सोडला नाही. उलट अंगाचा सगळा भार टाकला, आणि तीन बोटं एकापाठोपाठ एक मोडल्याचं त्याला आवाजावरून कळलं.

"पोहताना हात सरळ ठेवायचा, किती वेळा सांगितलं तुला," ते मायेने म्हणाले.

त्यांच्या पाठीशी नेहमीची अंगरक्षक उभी होती. रुंद खांद्यांची, चाळिशीची बाई. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. पण तिने दोन्ही मुठी आवळल्या होत्या, एवढं कायदामंत्र्याला जमिनीवर बसताना दिसलं.

बाहेर गाडीतळावर सेनापती त्याची वाट बघत होते. त्यांनी हाताकडे पाहिलं, स्वतःचा रुमाल काढून बांधला आणि गाठ मारता मारता हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही नुसतं हो म्हणा. अर्ध्या तासात उचलतो त्यांना. कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही."

"आणि नंतर?"

"नंतर तुम्ही म्हणाल ते."

"माझ्या वडलांनाही असंच सांगितलं होतं. केसाला धक्का लागणार नाही म्हणून."

सेनापती मागे सरले. "ठीक. पण ऐकून ठेवा. उद्या बारापर्यंत सभागृहाचा निकाल आला नाही, तर हुकूम त्यांचाच राहील आणि मी तो पाळीन. एकदा हुकूम मोडायला शिकलो तर पुढे कुठे थांबायचं ते मलाच कळणार नाही. म्हणून म्हणतोय, आत्ता हो म्हणा. सरकारातल्या कुणीतरी सांगितलं एवढं तरी मला म्हणता येईल."

"नाही," कायदामंत्री म्हणाला. हात इतका ठणकत होता की तो शब्द त्याने दातांवर दात धरूनच उच्चारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सभागृह भरायचं होतं. पैलवानाने हिशेब केला होता. चौऱ्याऐंशी जण ठरावाच्या बाजूने होते, म्हणजे चार जास्तीचे. दोघे एकाच गाडीने निघाले. पैलवान खिडकीशी बसून नेहमीसारखी बडबड करत होता. निकाल लागला की आठवडाभर झोपणार, बायकोलाही बोलू देणार नाही.

सभागृहाच्या आधीच्या चौकात राष्ट्राध्यक्षांच्या खास पथकाचा ट्रक आडवा लागला होता. त्यांच्या पुढच्या गाडीत दोन सदस्य होते. पथकाच्या जवानाने त्यांचं ओळखपत्र मागितलं, नीट वाचलं, परत दिलं आणि खिडकीतूनच दोघांना गोळ्या घातल्या.

"खाली!" पैलवान ओरडला. पुढची काच फुटली. ड्रायव्हर स्टीयरिंगवर कोसळला आणि हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. पैलवानाने लाथ मारून पलीकडचं दार उघडलं, कायदामंत्र्याच्या कॉलरला धरून त्याला रस्त्यावर ओढलं आणि स्वतःच्या देहाआड घेऊन चालवायला लागला. पळता येईल असा तो नव्हताच. भाजीच्या टोपल्या उलटल्या होत्या, माणसं दुकानांत घुसत होती, कुणाच्या तरी शटरचा खडखडाट होत होता. पैलवानाच्या पाठीत पहिली गोळी लागली तेव्हा कायदामंत्र्याला ती धक्क्यासारखी जाणवली. दुसरी लागली तेव्हा पैलवान म्हणाला, "चल चल चल." तिसऱ्या गोळीला त्याचे गुडघे वाकले. त्याने कायदामंत्र्याला गल्लीच्या तोंडाशी ढकलून दिलं आणि स्वतः गल्लीचं तोंड अडवून आडवा पडला.

कायदामंत्री परत फिरला. मोडलेल्या हाताने त्याने पैलवानाची बाही ओढली. तो देह हलणारा नव्हता. पैलवानाचे डोळे उघडे होते आणि तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. "गाढवा," तो म्हणाला, "मतं मोज... जा." मग बुडबुडे थांबले.

सभागृहाच्या मागच्या दारातून कायदामंत्री आत शिरला. सदरा पैलवानाच्या रक्ताने पाठीला चिकटला होता. आत कुणी रडत होतं, कुणी बाकाखाली लपलं होतं. नाट्यगृहातल्या गर्दीला शांत करावं तसं उंच आसनावरून सभापतीबाई हातोडा आपटत होत्या. मोजणी झाली. चौकात आणि दुसऱ्या वाटेवरच्या पुलावर मिळून पाच सदस्य मारले गेले होते. बाजूने उरले एकोणऐंशी.

"मेलेले वजा करा!" मागून एक तरुण सदस्य किंचाळला. "एकशे पंधरातले सत्त्याहत्तर पुरे होतात! बाई, वजा करा!"

सगळे कायदामंत्र्याकडे वळले. तो उभा राहिला. त्याने नुसती मान हलवली असती तरी बाईंनी मानलं असतं, हे त्याला कळत होतं.

"'एकूण सदस्य' म्हणजे निवडून आलेले सगळे," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्याचा वाटला. "मारून मतं कमी करता येत असतील, तर उद्या दुसरा कुणी मारून वाढवेल."

"तुमचा मित्र रस्त्यावर पडलाय!"

"मला माहिती आहे."

तेवढ्यात राष्ट्राध्यक्ष आले. बाजू मांडण्याचा त्यांना हक्क होता. पांढरा शुभ्र सूट, मागे ती अंगरक्षक. ते माइकपाशी उभे राहिले आणि पंधरा मिनिटं असे बोलले की कायदामंत्र्याचे डोळे भरून आले. हेच ते जुने भाऊजी होते. बॉम्बबद्दल बोलले, डोक्यातल्या तुकड्याबद्दल विनोद केला. चौकातल्या गोळीबाराची चौकशी होईल, दोषींना सोडणार नाही, म्हणाले. आवाज एकदाही चढला नाही. समोरच्या बाकांवर माना डोलायला लागल्या. शेवटी ते म्हणाले, "माझ्यात खोट असेल तर ती लोकांना काढू द्या, निवडणुकीत. एवढंच मागतो." आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले.

घड्याळात साडेअकरा वाजले होते. नियम असा की नाव पुकारलं की जागेवर उभं राहून तोंडाने होय किंवा नाही म्हणायचं. एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं. होय. नाही. होय. राष्ट्राध्यक्षांच्या बाजूच्या डोललेल्या मानांपैकी तीन उभ्या राहिल्या आणि त्यांच्याकडे न बघता होय म्हणाल्या. पलीकडे होय ठरलेला एक जण भीतीने नाही म्हणाला. आणखी एकाने मान खाली घालून तेच केलं. पुकारा संपत आला तेव्हा होय होते एकोणऐंशी आणि एकच नाव राहिलं होतं.

कृषिमंत्र्यांना हॉस्पिटलमधून व्हीलचेअरवर आणलं होतं. त्यांचं नाव आलं. त्यांनी खुर्चीचे हात धरले. एक नर्स पुढे झाली, त्यांनी तिला कोपराने बाजूला केलं आणि थरथरत उभे राहिले. तारांनी बांधलेल्या जबड्यातून शब्द फुटेना. घशातून घरघर आली. राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने एक जण ओरडला, "हा शब्द नाही! ग्राह्य नाही!"

कृषिमंत्र्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचा जबडा धरला आणि ओढला. तार सुटल्याचा बारीक आवाज माइकने सगळीकडे पोचवला. पट्टीतून रक्त गळ्यावर उतरलं.

"होय," ते म्हणाले आणि खुर्चीत कोसळले.

"सभागृहाने ऐकलं," सभापतीबाई म्हणाल्या. "ऐंशी. ठराव मंजूर. सूत्रं उपाध्यक्षांकडे."

राष्ट्राध्यक्षांनी कोटाच्या आतून पिस्तूल काढलं. पहिली गोळी बाईंच्या आसनात घुसली. दुसरी कायदामंत्र्याच्या खांद्यातून आरपार गेली आणि तो बाकांच्या मधे पडला. ते त्याच्या अंगावर येऊन उभे राहिले. "ठेंगण्या," ते म्हणाले, आणि अंगरक्षकाला हुकूम दिला, "याला धर, हलतोय फार."

"साहेब, पिस्तूल खाली ठेवा," ती म्हणाली.

"मी तुला हुकूम देतोय!"

"आता नाही देता येत, साहेब."

त्यांनी पिस्तूल तिच्याकडे वळवलं. तिने मनगट पकडलं, खांदा त्यांच्या काखेत घातला आणि त्यांना जमिनीवर आदळलं. कोपर उलट्या बाजूला वाकलं. गोळी छतात गेली. तिने गुडघा त्यांच्या पाठीवर रोवला तेव्हा ती स्वतः हमसून हमसून रडत होती. बॉम्ब फुटला त्या दिवशी पुढे बसलेल्या दोघांपैकी एक तिचा नवरा होता, हे कायदामंत्र्याला फार नंतर कळलं. बाराला दहा कमी असताना उपाध्यक्षांचा फोन टेकडीवर गेला आणि सेनापतींनी तोफांची तोंडं फिरवून घेतली.

खांदा जरा बरा झाल्यावर कायदामंत्री पैलवानाच्या घरी गेला. पैलवानाची बायको दात काढणारी डॉक्टर. दवाखाना घरातच होता. पांढऱ्या कोटातच तिने दार उघडलं.

"सेनापती येऊन गेले," ती म्हणाली. "तुम्ही आदल्या दिवशी त्यांना हो म्हणाला असतात, तर हा जिवंत असता. खरं ना?"

"हो."

"आणि तरी नाही म्हणालात."

"हो, वहिनी."

तिने पुढे होऊन सगळ्या ताकदीने एक थोबाडीत मारली, आणि दुसरी. तो जागचा हलला नाही. आत खुर्चीवर तोंड उघडून बसलेला पेशंट वळून बघत होता.

"परत येऊ नका," ती म्हणाली. "निदान मी बोलावल्याशिवाय." आणि दार लावून घेतलं.

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. तिला यजमानांसकट शहराबाहेरच्या एका पहारा असलेल्या घरात ठेवलं होतं.

"यांना आंघोळ घालायला दोन माणसं लागतात," ती म्हणाली. "पहारेकरी हात लावायला घाबरतात. येतोस का?"

तो गेला. एका हाताने त्याने त्यांची पाठ धरली, ताईने पाणी ओतलं. भाऊजींचा प्लास्टरमधला हात पिशवीत गुंडाळला होता. ते शांत बसले होते. मग काय बिनसलं कोण जाणे, त्यांनी डोकं मागे घेऊन त्याच्या नाकावर आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. नाकातून रक्त ओघळून टबातल्या पाण्यात पडायला लागलं.

"सोडून दे," ताई म्हणाली. "पुरे आजच्यापुरतं."

"राहू दे, साबण निघायचाय अजून," तो म्हणाला आणि त्याने त्यांच्या पाठीवरचा हात तसाच ठेवला.